बजेटच्या कायद्याचा मसुदा आधी वस्तीत येऊ द्या

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले. आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी त्याच वाटेने गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री जाहीरपणे नाराज झाले, चार दिवस बातम्या चालल्या आणि विषय थंडावला. या व्यवहारात कुणाच्या घरात नोटांची बंडलं सापडली नाहीत, कुणी लाच घेताना पकडलं गेलं नाही. शासन निर्णय निघाला, सही झाली, पैसा गेला. म्हणून याला कुणी भ्रष्टाचार म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

यावर सरकारी उत्तर ठरलेलं असतं : लाडक्या बहिणींमध्ये अनुसूचित जातीच्या बायाही आहेतच की! आहेत. पण त्यांना इतर सगळ्या बायांइतकेच पैसे मिळतात. मग ते राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून का नाही? उपयोजना सुरू झाली ती शतकांची तूट भरून काढायला. सर्वांना मिळणारी गोष्ट आमच्या राखीव पैशातून द्यायची आणि वर उपकार दाखवायचे, ही कोणती नीती?

भ्रष्टाचारविरोध म्हटलं की आपल्या चळवळीच्या मनात एक अढी आहे, आणि ती उगाच नाही. एप्रिल २०११ मध्ये लोकपालाचा मसुदा लिहायला दहा जणांची संयुक्त समिती नेमली गेली. पाच मंत्री, पाच ‘नागरी समाजा’चे. दहाही पुरुष. नागरी समाजाच्या पाचांत एकही दलित नाही. देशाच्या वतीने बोलायला हे पाच कुणी निवडले होते? उपोषणाच्या जोरावर कायदा करून घेण्याच्या त्या पद्धतीवर आपल्या लोकांनी बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाची आठवण करून दिली, ती योग्यच होती. पण म्हणून भ्रष्टाचाराचा प्रश्नच त्या मंडळींना आंदण द्यायचा का? आपला आक्षेप कायदा लिहिणाऱ्यांत आपण नसण्याला होता. तो आजही तसाच उभा आहे.

कायदा होण्याआधी आपलं म्हणणं मांडणं ही तर आंबेडकरी परंपरा आहे. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वासाठी साक्ष दिली. संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि संविधान सभेत मांडला जाण्याआधी आठ महिने लोकांसमोर होता. नुकत्याच फाळणीतून गेलेल्या देशाला आठ महिने परवडले. आज विधेयक सकाळी येतं आणि संध्याकाळी मंजूर होतं. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असं धोरण केंद्र सरकारने २०१४ मध्ये केलं खरं, पण ते धोरणच. मोडलं तर विचारणारं कुणी नाही. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या संविधान न्यायालयाने २००६ मध्ये लोकांना सहभागी करून न घेता केलेले कायदे अवैध ठरवले होते.

मसुद्यातल्या एका ओळीने काय होतं ते कर्नाटकात पाहा. तिथे २०१३ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या निधीसाठी कायदा झाला. आपण सगळे त्याचं उदाहरण देतो. पण त्यातच कलम ७(ड) होतं. रस्ते, पूल अशा सर्वांसाठीच्या कामांच्या खर्चाचा काही हिस्सा ‘अनुसूचित जाती-जमातींसाठी झाला’ असं मानायची त्यात मुभा होती. म्हणजे पळवाट कायद्यातच बांधून दिली. ते कलम काढायला २०२३ उजाडलं, आणि त्यानंतरही गॅरंटी योजनांना याच निधीतून पैसा दिल्याचा वाद मिटला नाही. महाराष्ट्रात तर असा कायदाच नाही. ‘करू’ अशी भाषा मधूनमधून ऐकू येते. उद्या करतील, आणि आपलं ७(ड) त्यात असेल, तर ते आपल्याला कधी कळणार? राजपत्रात छापून आल्यावर?

दुसरं हत्यार बोथट झालंच आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीलाही अट होती : सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने ही अट उडवली. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढं म्हटलं तरी नकार देता येतो. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शिल्लक आहे, असं सरकार सांगतं. पण रमाई घरकुलाच्या यादीत कुणाची नावं घातली, हे विचारणाऱ्या पोराने ग्रामपंचायतीच्या दारात आधी जनहित सिद्ध करत बसायचं का? खासगीपण आम्हालाही हवंय. आमची जात आणि पत्ता उघड होण्याची किंमत आम्ही जाणतो. पण ठेकेदाराचं नाव आणि बिलावर सही करणाऱ्याचं नाव ही कसली खासगी बाब? आणि या कायद्याचा मसुदा नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर करतानाच, आलेल्या सूचना उघड करणार नाही असं मंत्रालयाने सांगून टाकलं होतं. म्हणजे लोकांनी काय सांगितलं तेही लोकांपासून गुप्त.

तेव्हा मागणी नेमकी करू या. उपयोजनेच्या कायद्याचा मसुदा मराठीत, किमान ६० दिवस आधी जाहीर व्हावा. प्रत्येक जिल्ह्यात जनसुनावणी व्हावी. कोणती सूचना का नाकारली ते लेखी द्यावं. निधी वळवायचा आदेश निघाला की त्याच दिवशी तो संकेतस्थळावर दिसावा, अखर्चित रक्कम पुढच्या वर्षात जावी आणि पैसा वळवणाऱ्या अधिकाऱ्यावर शिक्षेची तरतूद असावी.

आणि मसुदा येईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं संकेतस्थळावर असतात. प्रत्येक खात्याच्या मागणीत ७८९ हा आकडा शोधा. अनुसूचित जातींसाठीची तरतूद त्याखाली असते. जमातींची ७९६ खाली. आपल्या अभ्यासिकेत चार जण बसले तर एका रविवारी एक खातं सहज होतं. शाखेशाखेने एकेक खातं वाटून घ्यावं, आणि सुरुवात महिला व बालविकास खात्यापासून करावी.

जय भीम!