एका गोळीसाठी किती एसटी?

मुलाच्या एडीएचडीवरच्या (अवधान न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) मिथाइलफेनिडेट गोळ्यांची पट्टी संपत आली, की तालुक्याच्या गावातली आई मजुरी बुडवते, मुलाची शाळा बुडवते आणि पहाटेच्या एसटीने शहरातला मानसोपचारतज्ज्ञ गाठते. तिथं वजन, रक्तदाब पाहून बहुतेकदा तीच गोळी पुन्हा लिहून मिळते. हे औषध ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियंत्रणाच्या औषधयादीत आहे, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षं जपावी लागते. २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते फोनवर, व्हिडिओवर लिहून देता येत नाही.

हा कडकपणा योग्यच आहे. निदानही तज्ज्ञानेच करावं. वर्गात चुळबुळ करणारं प्रत्येक पोर एडीएचडीचं नसतं, कधी त्याला फळ्यावरचं दिसत नसतं एवढंच. पण मात्रा एकदा बसली, की उंची, वजन, नाडी, रक्तदाब, भूक आणि झोप यांवर लक्ष ठेवणं फॅमिली डॉक्टरला नक्की जमेल. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतही सुरुवात तज्ज्ञाची आहे आणि मात्रा स्थिरावल्यावरची देखरेख कुटुंबाच्या डॉक्टरसोबत वाटून घेतलेली. आपल्याकडेही तशी लेखी वाटणी हवी: तज्ज्ञाचं पत्र, नोंदींची वही आणि वजन घटलं तर फोन कुणाला करायचा तो नंबर. आरोग्य विभागाने निदान एका जिल्ह्यात तरी ती यंदा सुरू करावी.