पायाला काटे नकोत, आधी दोर बघा



पोस्ट मोठी आहे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी र्युसेल्सहाइम आणि आसपासच्या सगळ्या आईबाबांनी वाचावी असं वाटतं, म्हणून लिहितोय. काही जणांना राग येईल, येऊ दे.

आपल्याकडे सध्या एक नवीन टूम आहे. मुलं बारा-चौदा वर्षांची झाली, व्हिडिओ बघून त्यांना दोरावरून झाडावर चढायचंय. छानच आहे. मग कोणीतरी ग्रुपवर विचारतं, "कुठला सेट घेऊ?" आणि पाच मिनिटांत उत्तर येतं, "अरे, ऑनलाइन मिळतो की, पायाला बांधायचे काटे आणि कमरेचा पट्टा, स्वस्तात मस्त. दोर बाउमार्क्टमधून घे." वर चार अंगठे!

माझं म्हणणं सरळ आहे. हा सल्ला चुकीचा आहे, धोकादायक आहे, आणि तो देणाऱ्याने झाडाचाही विचार केलेला नाही आणि मुलाचाही.

आधी काट्यांचं बोलू. जर्मनीत त्यांना श्टाइगआयझन म्हणतात. झाडांची निगा राखणारे इथले व्यावसायिक लोक ते फक्त तोडायच्या झाडावर वापरतात, जगवायच्या झाडावर नाही. कारण साधं आहे. ओक, बीच, मेपल या झाडांच्या सालीखाली एक अगदी पातळ जिवंत थर असतो, कॅम्बियम. झाड जाड होतं ते त्याच्यामुळे. काटा दर पावलाला तो थर फोडतो. प्रत्येक भोक म्हणजे बुरशीला उघडं दार. बीचची साल तर इतकी पातळ की जखम वर्षानुवर्षं दिसते.

इथे कोकणातली मंडळी हमखास म्हणतात, "आमच्याकडे पाडेली माडाला खाचा पाडूनच चढतात, माड मरतो का?" नाही मरत. पण माड म्हणजे ओक नव्हे. माडाच्या खोडात कॅम्बियमचा असा थरच नसतो, अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. म्हणून तो खाचा सोसतो, आणि म्हणूनच त्याची खाच कधी भरूनही येत नाही. आणि पाडेल्याचा दाखला देताना हेही लक्षात ठेवा की पडून जायबंदी झालेले पाडेली कोकणात आणि गोव्यात गावोगावी सापडतील. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राने माडावर चढायचं प्रशिक्षण आणि सोबत विमा द्यायला सुरुवात केली, ती उगाच नाही. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना साधनं लागतात, आणि आपण रविवारची हौस जुगाडावर भागवणार?

काट्यांचा दुसरा तोटा मुलाच्या बाजूने. काटा निसटला की मुलगा खोडाला घासत खाली येतो. काटे चढायला मदत करतात, पडताना थांबवत नाहीत. थांबवतो तो दोर. म्हणून पैसे आधी दोरावर घाला.

आता दोर. बाउमार्क्टमधला रंगीत दोर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो साधारण १६५ अंशाला वितळतो. झाडावर चढताना आपण एका सरकत्या गाठीवर लटकलेलो असतो, आणि जोरात खाली येताना ती गाठ दोरावर घासून तापते. पुढचं मी सांगायला नको. चढायच्या दोरावर ईएन १८९१, प्रकार ए, असं लिहिलेलं हवं. हा कमी ताणला जाणारा दोर. नवशिक्याला १२ ते १३ मिलिमीटर जाडीचा बरा, हातात नीट धरता येतो आणि गाठही चांगली पकडते. दोर फांदीवरून दुहेरी जातो, म्हणून १५ मीटरवरच्या फांदीसाठी ३० मीटर पुरत नाही, ३५ ते ४० घ्या.

"पण आमचा मुलगा क्लाइंबिंग हॉलमध्ये जातो, त्याच्याकडे दोर आहे." तो बहुधा ईएन ८९२ चा, ताणला जाणारा दोर. तो पडणाऱ्याला झेलण्यासाठी बनवलेला असतो. झाडावर तो नुसता झोके देतो, चढायची निम्मी ताकद ताणण्यातच जाते. शिवाय हॉलमध्ये वरचा आधार दुसऱ्या कोणीतरी तपासलेला असतो. झाडावर फांदी तुम्ही निवडता. हॉलमध्ये जाणं म्हणजे झाडावर चढता येणं, हे समीकरण सोडून द्या.

बाकीचं सामान थोडक्यात. बसता येईल असा हार्नेस, त्यावर ईएन ८१३ आणि ईएन ३५८ हे दोन्ही क्रमांक. आपोआप बंद होणारे आणि तीन हालचालींशिवाय न उघडणारे कॅराबिनर, ईएन ३६२. हनुवटीच्या पट्ट्याचं हेल्मेट, सायकलचं नाही. वर असताना दोर बदलावा लागला तरी एक आधार कायम राहावा म्हणून कमरेची आखूड दोरी. फांदीवर दोर टाकायला बारीक फेकदोरी आणि २५० ते ४०० ग्रॅमची थैली. आणि कांबियुमशोनर, म्हणजे दोन कड्यांचा पट्टा. दोर कड्यांतून सरकतो, साल घासली जात नाही आणि दोरही जास्त टिकतो. आपण बहुतेक जण वगळतो ती वस्तू नेमकी हीच.

उंचीवरून पडण्यापासून वाचवणाऱ्या साधनावर युरोपात सीई खुणेपुढे चार आकडी क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर वस्तू परत करा. जुना दोर क्लाइनआनत्साइगेनवरून घेऊ नका. तो कोणाच्या गॅरेजमध्ये बॅटरीच्या अॅसिडशेजारी पडला होता, हे डोळ्यांना दिसत नाही.

सगळं मिळून साधारण पाचशे युरोच्या आसपास जातं. "एवढे?" हो, एवढे. आपल्यातले निम्मे लोक गाड्यांच्या क्षेत्रात आहेत. मुलाची कारसीट घेताना आर-१२९ चा शिक्का बघतो, टीयूव्हीची तारीख चुकवत नाही, आणि ज्या दोरावर तेच मूल दहा मीटरवर लटकणार तो भाव बघून घेतो? हे मला पटत नाही. पाचशे जड वाटत असतील तर तीन कुटुंबांनी मिळून एक संच घ्या. एका वेळी एकच मूल वर असावं, ते तसंही बरंच. फक्त हार्नेस प्रत्येकाच्या मापाला बसतो का ते बघा.

आता दुसरी बाजू. "कशाला हवीत ही थेरं, पडेल, अभ्यास कर म्हणावं." काकू, मुलं झाडावर चढणारच. तुम्ही नाही म्हटलंत तर ती तुमच्या पाठीमागे, दोराशिवाय चढतील. आणि "आम्ही लहानपणी आंब्यावर तसेच चढायचो" म्हणणाऱ्या बाबांना एवढंच: खाली पडलेला शेजारचा मुलगाही आठवून बघा.

सामानापेक्षाही आधी शिकवणारा शोधा. इथे व्यावसायिकांसाठी एसकेटी-ए नावाचा कोर्स असतो. तो प्रौढांसाठी आहे, पण त्यातून गेलेला माणूस मुलांना एक दिवस नीट दाखवू शकतो. त्याच्यासमोर दीड मीटर उंचीवर गाठ बांधा, सोडा, पुन्हा बांधा. दोर कधीही ढिला ठेवायचा नाही आणि आधाराच्या फांदीच्या वर जायचं नाही, कारण कमी ताणणारा दोर झटका पोटात घेत नाही. आधाराची फांदी जिवंत आणि निदान १० सेंटीमीटर जाड हवी, आणि चढण्याआधी दोघांनी दोराला लटकून ती तपासायची.

झाडही बघून निवडा. अॅश नको, इथली बरीच अॅश रोगाने वाळतायत. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी बीचचीही दैना केलीय, वरच्या फांद्या नीट पाहा. म्योन्शब्रुखचे जुने ओक कितीही खुणावोत, ते संरक्षित क्षेत्र आहे, तिथे वाट सोडायची नाही. बागेतलं झाड शहराचं असतं, आधी परवानगी. कोणाच्या बागेत अक्रोड किंवा चांगला ओक असेल तर मालकाला विचारा. काटे लावणार नाही असं सांगितलंत की होकाराची शक्यता वाढते.

तर यापुढे ग्रुपवर कोणी "कुठला सेट" विचारलं, तर लिंक टाकण्याआधी एवढं विचारा: शिकवणार कोण, झाड कोणाचं, दोरावर क्रमांक कोणता? तिन्हीची उत्तरं नसतील तर लिंक टाकू नका.

ज्यांनी काटे आधीच मागवलेत त्यांनी परत पाठवा, ऑनलाइन खरेदीला चौदा दिवसांची मुदत असते. पटत नसेल तर खाली लिहा, पण कारणासकट. नुसता अंगठा नको.