कागदावर थंड, वरच्या मजल्यावर भट्टी

जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा आपल्याला वेगळा सांगायला नको. वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री अकराला स्लॅबला हात लावतो, तर तो अजून तापलेलाच.

परवा एका नव्या अपार्टमेंटची फाइल बघायला मिळाली. ऊर्जा संहितेच्या सॉफ्टवेअरचा कागद, निकाल 'पास'. छताच्या रकान्यात लिहिलंय, इन्सुलेशन 50 मिमी. गच्चीवर जाऊन मिस्त्रीला विचारलं, खाली काय टाकलंय? म्हणाला, "काही नाही साहेब, स्लॅब अन् वर कोबा."

दोष सॉफ्टवेअरचा नाही. जे भराल तेच ते खरं मानतं.

हे तपासायला इंजिनियर व्हायला लागत नाही. 2018 च्या इको निवास संहितेत छताचं यू-मूल्य, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते तो आकडा, जास्तीत जास्त 1.2 चालतो. उघड्या सहा इंची स्लॅबचा हा आकडा 3 च्या आसपास असतो. विटांचा कोबा धरला तरी 2 च्या वरच. म्हणजे नुसत्या स्लॅबला 'पास' मिळालं, तर आकडा चुकलाय किंवा चुकवलाय.

बरं, इंचभर चांगला फोम बोर्ड नीट टाकला तरी 1.2 च्या आत येतं!

मंजुरी देणाऱ्यांनी कागदासोबत थर टाकतानाचा फोटो मागावा. आणि आपणही, फ्लॅट बघताना टाइल्सचा रंग विचारतो ना? छतात काय घातलंय तेही विचारा. बिल्डर चावी देऊन जातो, कूलर-एसीचं बिल आपणच भरतो.