"बोर्ड गेलंय" म्हणणाऱ्याला आधी केबल जोडायला सांगा

लॅपटॉपचा पडदा काळा झाला की दुकानदार एकच वाक्य बोलतो. साताऱ्यात तो म्हणतो, "बोर्ड गेलंय." इथे म्हैसूरला म्हणतो, "बोर्ड होगिदे." पोस्टिंग बदललं, भाषा बदलली, वाक्य तेच. माझं म्हणणं साफ आहे. दुसरा पडदा जोडून न बघता जो हे वाक्य बोलतो, तो कारागीर नाही, विक्रेता आहे. आणि आपण फौजी, त्यातही रिटायर झालेले, त्याच्या गळाला सहज लागतो.

सध्या मुक्काम येलवाल. म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून साधारण १५ किलोमीटर. युनिट कुठली, काम काय, ते नेहमीप्रमाणे विचारू नका. गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपचा पडदा गेला. पंखा फिरत होता, कॅप्स लॉकचा दिवा लागत-विझत होता, म्हणजे मशीन जिवंत होतं. रविवारी शहरात एका दुकानात नेलं. गड्याने झाकण उघडलं, बटण दाबलं, दोन मिनिटांत निकाल दिला: बोर्ड, साडेसोळा हजार, नाहीतर हा देऊन नवा घ्या. त्याच्या काउंटरवर बिलं करायला मॉनिटर चालूच होता. त्याची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी लॅपटॉप उचलला, परत आलो आणि रिक्रिएशन रूमच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडला. चित्र लख्ख.

आता विचार करा. बाहेरच्या पडद्यावर चित्र आलं, म्हणजे प्रोसेसर चालतो, रॅम चालते, डिस्क चालते, चित्र तयार करणारा भागही चालतो. बोर्ड गेलेला असता तर टीव्हीवर काय दिसलं असतं? संशय उरतो तो फक्त पडदा, त्यामागचा उजेड आणि बिजागरीतून पडद्याकडे जाणारी पातळ केबल यांच्यावर. फार तर बोर्डावरचा त्या उजेडाचा चिमुकला फ्यूज. त्यासाठी अख्खा बोर्ड बदलणं म्हणजे हेडलाइट लागत नाही म्हणून गाडीचं इंजिन उतरवणं.

पुढची तपासणीही स्क्रू ड्रायव्हर न लावता होते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरका धरून पडद्यावर मारा. पुसट चित्र दिसलं तर पॅनल ठीक आहे, मागचा उजेड गेलाय. झाकण हळूहळू उघड-मीट करा. एखाद्या कोनात चित्र चमकून गेलं तर केबल. माझी केबलच होती, बिजागरीपाशी चिमटलेली. टीव्हीवरही काही आलं नाही तर विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून बघा, चित्र कुठे पाठवायचं ते तिथे ठरतं. उलट, कधीकाळी प्रोजेक्टर जोडताना 'फक्त दुसरा पडदा' निवडलेला राहिला तर आतला पडदा धडधाकट असूनही काळा राहतो. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरणं हाही जुना आणि कामाचा उपाय. डेलचं मशीन असेल तर डी दाबून ठेवून चालू करा, पडदा स्वतःची परीक्षा देतो आणि एकामागून एक रंग दाखवतो. रंग नीट आले तर पॅनल निर्दोष. आणि हो, झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. चुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळ घालून मनगट कीबोर्डपाशी टेकवलंत तर काही मशीनचा पडदा तेवढ्यानेही झोपतो!

पडदा फुटलेला असेल, शाई सांडल्यासारखा डाग असेल, तर वाद नाही, पॅनल बदला. मागच्या स्टिकरवरचा नंबर जुळवून घ्या. वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका. उघडायचंच असेल तर आधी बॅटरीचं कनेक्शन काढा.

फौजेत ईएमईवाल्यांना ही शिस्त वेगळी सांगावी लागत नाही. युनिटच्या एलएडीत होणारं काम खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपला कुणी पाठवत नाही. पाठवलंच तर पहिला प्रश्न येतो: फॉल्ट काय सापडला? "गाडी चालत नाही" हे त्याचं उत्तर नव्हे.

दुकानदार म्हणतील, तपासायला वेळ जातो आणि तपासणीचे पैसे कुणी देत नाही. हे अगदी खोटं नाही. गिऱ्हाईकही फुकटे असतात. मग तपासणीचे तीनशे रुपये आधी सांगा, मी देतो. पण तीनशे मागायला लाज वाटते म्हणून साडेसोळा हजार सांगायचे, हा कुठला न्याय?

पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. आमच्या जुन्या पलटणीचे एक सुभेदार साहेब, गाव खटाव तालुक्यातलं. पडदा गेला म्हणून लॅपटॉप दुकानात आठवडाभर ठेवून आले. त्यात पीपीओ, डिस्चार्ज बुक, दोघांची आधार कार्डं, बँक पासबुकाचे फोटो, आणि 'स्पर्श' पोर्टलचा पासवर्ड एका फाइलमध्ये लिहिलेला. दुकानदाराने तोही मागून घेतला होता, "चेक करायला लागतो" म्हणून. मी फोनवर म्हटलं, "साहेब, पडदा दुरुस्त करायला पासवर्ड कशाला लागतो?" ड्युटीवर रायफल कुणाच्या हातात दिली नाही अशा माणसाने सगळी पेन्शन काउंटरवर ठेवली होती, कारण बोर्ड गेलंय म्हटल्यावर माणूस घाबरतो.

दोष एकट्या दुकानदाराचाही नाही. कंपन्या बिजागरीतून केबल अशी नेतात की झाकणाच्या प्रत्येक उघडझापीत ती वाकते. पडदा डिंकाने चिकटवतात, सुटा भाग सर्व्हिस सेंटरबाहेर मिळू देत नाहीत. याच येलवालला सप्टेंबर १९५७ मध्ये विनोबांच्या ग्रामदानाची परिषद भरली होती, पंडित नेहरूही आले होते. जमिनीची मालकी राजीखुशीने सोडा, असं ते मागणं होतं. आज पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची मालकी आपल्याला न विचारताच सुटते.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर तो दुरुस्त करायला किती सोपा याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण पोर्टलवर माहिती देणं वेगळं आणि केबल वाजवी दरात विकायला कंपनीला भाग पाडणं वेगळं. गुणांचा तो आकडा इथल्या खोक्यावरही छापला पाहिजे, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

तोवर लॅपटॉप दुकानात न्यायचाच असेल तर एचडीएमआय केबल सोबत घेऊन जा. डिस्क निघणारी असेल तर काढून घरी ठेवा, पडदा तपासायला ती लागत नाही. आणि "बोर्ड गेलंय" ऐकलंत तर फॉल्ट काय सापडला ते दुकानाच्या शिक्क्यानिशी कागदावर लिहून मागा.