झोका आंखूड कीं लांब ?

टेनिस शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो : चेंडू मारण्यापूर्वीं रॅकेट किती मागें न्यावी ? लांब झोक्याचा पक्ष दुबळा नाहीं. रॅकेटला वेग घेण्यास जितकें अधिक अंतर मिळेल, तितका तडाखा जोरदार. लाल मातीच्या मैदानावर चेंडू उंच उसळून संथ येतो. तेथें ब्राझीलच्या गुस्ताव्हो क्युर्टेन यानें ऐसपैस झोक्यांनीं खेळून १९९७, २००० व २००१ सालीं फ्रेंच अजिंक्यपद मिळविलें.

परंतु लांब झोका वेळ मागतो, आणि वेळ प्रतिस्पर्ध्याच्या हातीं असतो. वेगवान सर्व्हिस सुमारें अर्ध्या सेकंदांत येऊन ठेपते. अमेरिकेच्या आंद्रे अगासीनें झोका आंखूड ठेवून, चेंडू उसळतांच गांठून, १९९२ सालीं विंबल्डनच्या जलद हिरवळीवर विजय मिळविला. त्याला जोर कमी पडला नाहीं; कारण समोरून आलेला वेगच त्यानें परत फिरविला, व खांद्याच्या आणि कंबरेच्या वळण्यानें त्यांत भर घातली.

आमचें मत असें कीं, विद्यार्थ्यानें आधीं आंखूड झोकाच साधावा. चुकीला त्यांत जागा थोडी असते, व चेंडू रॅकेटच्या मध्यावर घेण्याची संवय लागते. पुढें पाय वेळेवर पोंचूं लागले, म्हणजे संथ चेंडूवर झोका खुशाल वाढवावा. आंखूड झोका लांबविणें सोपें. लांब झोक्याला सरावलेला हात ऐन सामन्यांत आवरणें फार कठीण. पालकांनींही मुलाच्या तडाख्याचा आवाज ऐकून हुरळूं नये. चेंडू रेषेच्या आंत पडला कीं नाहीं, तें पाहावें.