बांधीतले पाय आणि घरचे औषध

मृगाचा पाऊस बरसला की भंडारा जिल्ह्यात धानाचे पऱ्हे टाकले जातात आणि आषाढ-श्रावणात रोवणीची धांदल उडते. सकाळी बांधीत उतरलेली स्त्री दिवस कलेपर्यंत चिखलात वाकून उभी असते. अंगावरचे लुगडे ओले, डोक्यावर मेणकापड आणि पाय पोटरीपर्यंत गाळात. महिनाभर हा क्रम चालला की पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, फुगते आणि फाटते. रात्री खाज आणि आग झोपू देत नाही. जांघा, काखा आणि स्तनांखालच्या घड्या लाल होऊन सोलवटतात. मालगुजारी तलावांत दिवसभर उभे राहून शिंगाडे काढणाऱ्या ढीवर बांधवांचीही गत वेगळी नसते. आपण ह्या दुखण्याला 'चिखल्या' म्हणतो आणि हसून सोडून देतो. ज्या हातापायांच्या बळावर आपल्या ताटात भात पडतो, त्यांचे दुखणे क्षुल्लक मानण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपल्या पूर्वजांनी ते क्षुल्लक मानले नव्हते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'अलस' नावाचा विकार वर्णिला आहे. दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्या ओलसर होतात, तेथे खाज, दाह व वेदना उत्पन्न होतात, असे त्याचे लक्षण सांगितले आहे. बांधीतल्या चिखल्यांचे ह्याहून नेमके वर्णन कोणते असू शकेल? आधुनिक विज्ञान त्यात कारणाची भर घालते. 'कॅण्डिडा' नावाचे किण्व, म्हणजे यीस्टच्या जातीची बुरशी, निरोगी माणसाच्या शरीरावरही सुखाने नांदत असते. सततच्या ओलीने त्वचेचा बांध फुटला की ती फोफावते आणि तिच्या जोडीला इतर बुरशी व जीवाणूही येतात. म्हणजे रोगाचे मूळ ओलीत आहे. हे एकदा ध्यानात घेतले की उपचाराचे पहिले सूत्र आपोआप हाती येते : त्वचा कोरडी ठेवणे.

हे सूत्र घरात पाळता येते आणि त्याला दमडी लागत नाही. बांधीतून आल्यावर स्वच्छ पाण्याने व साबणाने पाय धुवावेत, प्रत्येक बेचकी सुती फडक्याने टिपून कोरडी करावी, रात्री बोटांमध्ये कोरड्या सुती कापडाची चिंधी ठेवावी, ओले लुगडे घरी येताच बदलावे. चिखलात उतरण्यापूर्वी न फाटलेल्या कातडीवर खोबरेल किंवा करंजाचे तेल चोळले, तर पाणी मुरण्यास काही प्रमाणात अटकाव होतो. हळद, कडुनिंब आणि खोबरेलातील मेदाम्ले ह्यांचा बुरशीवर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. तरोटा आपल्याकडे पावसाळ्यात भाजी म्हणून खातात. संस्कृतात त्याचे एक नाव 'दद्रुघ्न', म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे आहे. मात्र प्रयोगशाळेतील काचपात्र आणि शेतमजूर स्त्रीचे पाऊल ह्यांत अंतर असते. आरंभीच्या, सौम्य विकारात ही द्रव्ये साहाय्यक ठरू शकतात. वाढलेल्या विकारात केवळ त्यांच्यावर विसंबणे योग्य नव्हे.

सर्वच घरगुती उपाय निरुपद्रवी असतात, हा समजही सोडला पाहिजे. बिब्ब्याचे तेल कातडी भाजून काढते. वाटलेली लसूण बांधून ठेवल्यास फोड येतात. पाठीवर व छातीवर उमटणारी शिबी हीदेखील किण्वाचीच करणी. परंतु ते किण्व त्वचेवरील स्निग्धतेवर पोसले जाते. म्हणून पायाला उपकारक ठरलेले तेल शिब्यांवर चोळणे म्हणजे रोगालाच खाऊ घालणे होय. खुद्द सुश्रुताने अलसावर सांगितलेल्या लेपात कडुनिंबासोबत हरताळ हे आर्सेनिकयुक्त द्रव्यही येते. ग्रंथाचा आदर राखायचा तर पाठातील निरीक्षण घ्यावे आणि विष आज घरात कुटू नये, एवढा विवेक हवाच. परंपरेवर प्रेम करणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे.

पण आज आपल्या गावांत घरगुती उपायांपेक्षा फार मोठे संकट निराळ्याच वाटेने शिरले आहे. दवाखाना दूर, मजुरी बुडते, म्हणून औषधाच्या दुकानातून एक नळी मागून आणली जाते. तिच्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असतात. दोन दिवसांत खाज थांबते आणि घरभर तीच नळी फिरते. वस्तुतः स्टेरॉइडने बुरशी मरत नाही. त्वचेची प्रतिकारशक्ती तेवढी निजते. रोग आतून पसरतो, कातडी पातळ होते आणि नळी थांबवताच सारे दुप्पट वेगाने उसळते. केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवरील स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी ३२८ निश्चित-मात्रा मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत अशी काही मलमेही होती. कायदा झाला, त्याची अंमलबजावणी गावाच्या चौकापर्यंत पोहोचली आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या गावात विचारून पाहावा.

ह्या हलगर्जीपणाची किंमत देशाच्या नावानेही मोजावी लागली आहे. गजकर्ण करणारी, नेहमीच्या औषधाला सहजी न जुमानणारी एक बुरशी जपानमधील संशोधकांनी २०२० साली वर्णिली. तिला नाव मिळाले 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. भारताच्या नावाची ही खूण कोणाला भूषणावह वाटेल? अशा मिश्र मलमांचा बेसुमार वापर तिच्या फैलावास कारणीभूत ठरला असावा, असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

ह्याउलट एक अभिमानास्पद प्रसंग आठवावा. जखमेवर हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेने १९९५ साली दिले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. कडुनिंबाच्या बुरशीनाशक गुणावरील युरोपातील एकस्व २००० साली रद्द झाले आणि त्याविरुद्धचे अपील २००५ मध्ये फेटाळले गेले. हे विजय कशाने मिळाले? सभांतील घोषणांनी नव्हे, तर सादर केलेल्या लेखी नोंदींनी आणि पुराव्यांनी. जगासमोर ज्या कसोटीवर आपण आपले ज्ञान सिद्ध केले, तीच कसोटी आपल्या माजघरातील ज्ञानाला लावण्यास आपण का कचरावे? आपल्या भागातील वैद्य, त्वचारोगतज्ज्ञ आणि महाविद्यालये ह्यांनी एकत्र येऊन रोवणीच्या हंगामात ह्या उपायांची शास्त्रशुद्ध पारख केली, तर ती खरी स्वदेशी सेवा ठरेल.

तोवर मर्यादा जाणून वागणे हेच शहाणपण. आठवडाभरात उतार नसेल, सूज किंवा पू आला असेल, रुग्ण मधुमेही, गरोदर स्त्री अथवा तान्हे मूल असेल, तर विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. क्लोट्रिमॅझोलसारखे साधे, स्टेरॉइडविरहित मलम वैद्यकीय सल्ल्याने, खाज थांबल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे. चिखल्या पुन्हा पुन्हा होत असतील, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये : अंगावरचा प्रत्येक फिकट चट्टा शिबे नसतो. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे रुग्ण अद्याप आढळतात. ज्या चट्ट्यावर स्पर्श, ऊन-गार किंवा टोचणी कळत नाही, त्यावर लेप लावत बसणे म्हणजे हात-पाय गमावण्याची वाट पाहणे आहे. त्यावरील बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रात विनामूल्य मिळतो आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

आजीच्या बटव्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण तो बटवा ज्या आजीचा होता, तिला कोणते दुखणे घरात ठेवायचे आणि कोणते वैद्याकडे न्यायचे, हे अचूक ठाऊक असे. बटव्यातील मुळ्या आपण जपल्या. तो विवेक मात्र हरवला. येत्या रोवणीला बांधीच्या धुऱ्यावर स्वच्छ पाण्याची एक बादली, साबणाची वडी आणि कोरडे फडके ठेवण्याचा नेम प्रत्येक शेतमालकाने करावा. आपले धान रोवणाऱ्या माउलीचे एवढे ऋण आपण सहज फेडू शकतो.