भाऊजींचं विमान

आमच्या घरात सध्या एका विमानावरून वाद चालू आहे. विमान अजून उडालेलंही नाही. नाशिकला माझ्या धाकट्या दिरांच्या घरी, माडीवरच्या खोलीत, ते अर्धवट बांधून ठेवलेलं आहे. घरातला वाद इथे कशाला, असं कोणी म्हणेल. पण ज्यांच्याशी वाद आहे ते सगळे माझं लिखाण वाचतात, आणि फोनवर मला पुरतं बोलू देत नाहीत. "काकू, तुम्हाला त्यातलं कळत नाही," म्हणून विषय बदलतात. इथे मध्येच कोणाला बोलता येत नाही, हा एक फायदा!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भाऊजी अडुसष्ट वर्षांचे. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. दोन वर्षांपूर्वी जाऊबाई गेल्या, तेव्हापासून ते एकटे राहतात. पुतण्या पुण्याला असतो, मनाने फार चांगला आहे. त्याचं म्हणणं, "बाबा, हे सगळं विकून टाका आणि आमच्याकडे या. विमानच हवं तर तयार आणून देतो. खोक्यातून काढायचं, दोन संध्याकाळी जोडायचं की उडतं." हा हट्ट प्रेमाचाच आहे, त्यात शंका नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. पुण्याला जायचं की नाही, ते बापलेकांनी ठरवावं. पण विमान पुरं होईपर्यंत भाऊजींना हलवू नये. हलवायचंच असेल तर विमानासकट हलवावं.

आता हे विमान कसलं? १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पायपर कब नावाचं दोन माणसांचं विमान निघालं. पिवळंधम्मक, अंगावर काळा पट्टा, पासष्ट अश्वशक्तीचं छोटं इंजिन. अशी जवळजवळ वीस हजार विमानं बनली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले कितीतरी वैमानिक त्यावरच उडायला शिकले. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पस्तीस फूट तीन इंच. भाऊजी त्याची चौथ्या हिश्शाची प्रतिकृती बांधताहेत, म्हणजे पसारा आठ फूट दहा इंचांच्या जवळपास. माझा पलंगसुद्धा एवढा लांब नाही. अमेरिकेत मोठ्या प्रतिकृतींच्या शौकिनांची एक संघटना आहे. एका पंखजोडीच्या विमानाचा पसारा निदान ऐंशी इंच, नाहीतर मूळ विमानाच्या निदान चौथा हिस्सा आकार, तरच ते 'मोठं' असं ती मानते. भाऊजींचं विमान दोन्ही मापांनी त्यात बसतं.

मी मराठीची बाई. गणिताशी माझं नातं पाढ्यांपुरतं. पण भाऊजींनी मला हे पाढ्यांतच समजावलं. लांबी चौथा हिस्सा केली की पंखाचं क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होतं, कारण चार चोक सोळा. आणि वजन होतं चौसष्टावा हिस्सा, कारण सोळा चोक चौसष्ट. मूळ विमान भरल्या ओझ्यानिशी साडेपाचशे किलोचं, म्हणून प्रतिकृती साडेआठ किलोच्या आसपास. क्षेत्रफळापेक्षा वजन जास्त घटलं, म्हणून पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावरचा भार मूळच्या चौथा हिस्सा राहिला. त्यामुळे खरं कब ताशी साठ किलोमीटरच्या खाली गेलं तर हवेत टिकत नाही, पण हे तीसपर्यंत टिकेल. लहान विमानं चिमणीसारखी भुर्रकन इकडून तिकडे जातात. मोठं विमान संथ येतं, संथ वळतं, खऱ्यासारखं दिसतं. शौकीन लोक मोठ्याच्या मागे लागतात ते यासाठी.

पण हाच पाढा उलटाही चालतो. सॅम्युएल लँग्ली नावाचे मोठे अमेरिकन शास्त्रज्ञ होते, स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांनी ६ मे १८९६ रोजी वाफेच्या इंजिनाचं, आत माणूस नसलेलं विमान पोटोमॅक नदीवर उडवलं. ते जवळजवळ एक किलोमीटर गेलं. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल ते पाहायला हजर होते. पुढे अमेरिकी सरकारने माणूस नेणाऱ्या विमानासाठी पन्नास हजार डॉलर दिले. आधी केलेलं चौथ्या हिश्शाचं विमान ऑगस्ट १९०३ मध्ये उडालंही. पण पूर्ण आकाराचं विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ असं दोनदा नदीत पडलं. आकार चौपट केला तर वजन चौसष्टपट होतं, आणि लहानात पुरेसा वाटलेला सांगाडा मोठ्यात पुरत नाही. नऊच दिवसांनी राइट बंधू उडाले. सांगायचा मुद्दा, लहान विमानात खपून गेलेला कच्चा सांधा मोठ्यात खपत नाही.

म्हणूनच ज्याला आमच्याकडे सगळे 'खेळणं' म्हणतात त्याला मी खेळणं म्हणत नाही. घरच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याच्या निम्म्याहून जास्त वजनाची वस्तू ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने माणसांच्या जवळपास फिरणार. पुढे पेट्रोलचं इंजिन आणि दीड फुटाहून लांब पंखा. बिजागरी निसटली, तार सैल राहिली, बॅटरी संपली, तर ते कोणाच्याही डोक्यात जाऊ शकतं. पुतण्याला भीती वाटते ती खोटी नाही. पण माझ्या मते भाऊजींना विमान बांधू द्यावं ते नेमकं यासाठीच.

निवृत्तीनंतर माणसाचं काय जातं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पगार कमी होतो, पण पेन्शन येते. मान थोडा कमी होतो, पण जुने विद्यार्थी रस्त्यात वाकून नमस्कार करतात. जातं ते हे, की आपल्याला जाब विचारणारं कोणी उरत नाही. मी शाळेत होते तेव्हा वह्या तपासल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस मुलं माझ्याकडे बघायची. दिपोटी साहेब तपासणीला आले की टाचणवही दाखवावी लागायची. तेव्हा वैताग यायचा. आता मी सकाळी फिरायला गेले काय न गेले काय, कोणाचं काही अडत नाही. हरिपाठ म्हटला नाही तरी पांडुरंग नोटीस पाठवत नाही. घरातले सगळे म्हणतात, "आता आराम करा." पण आपल्या चुकण्याने कोणाचंच काही बिघडत नाही, हे रोज जाणवत राहणं फार जड असतं. जाऊबाई गेल्यावर भाऊजींच्या घरात तर चहा कधी झाला हे विचारणारंही कोणी नाही.

मोठं विमान मात्र जाब विचारतं. दिवाळीत मी तिकडे गेले तेव्हा भाऊजी पंखातल्या बरगड्या चिकटवत होते. लाकूड बाल्साचं, इक्वेडोरहून येणारं, आपल्या पांगाऱ्याहूनही हलकं. मला म्हणाले, "वहिनी, हा सांधा आज दिसतोय. उद्या वरून कापड चढलं की कोणालाच दिसणार नाही. मग त्याचं खरंखोटं आकाशातच कळेल." त्यांनी एक वही केली आहे. रोज काय केलं, कुठला गोंद लावला, किती तास सुकवला, सगळं तारीखवार. आणि प्रत्येक टप्प्याला त्यांचे कारखान्यातले एक जुने मित्र येऊन तपासतात आणि वहीत सही करतात. दोनदा त्यांनी सही नाकारली. भाऊजींनी तो भाग काढून पुन्हा केला. त्यांचा चेहरा किती दिवसांनी असा पाहिला म्हणून सांगू! चिडलेला होता, पण जिवंत होता.

ही पद्धत भाऊजींची एकट्याची नाही. ब्रिटनमध्ये पंचवीस किलोच्या वरचं विमान बांधायचं तर लार्ज मॉडेल असोसिएशन नावाची संस्था त्यासाठी तपासनीस नेमते. तो बांधणी चालू असतानाच येऊन पाहतो, आणि पुढे चाचणीची उड्डाणं ठरल्याप्रमाणे पार पाडावी लागतात. अमेरिकेतही पंचावन्न पौंडांच्या वर असाच तपासणीचा नियम आहे. भाऊजींचं विमान त्याच्या कितीतरी खाली आहे, त्यांना कोणी सक्ती केलेली नाही. पण उभा जन्म ज्या कामात दुसऱ्याची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही, त्या कामात गेला. ती सवय त्यांनी आपणहून घरी आणली आहे.

आता तयार विमानाबद्दल. ज्यांना उडवण्याचीच हौस आहे त्यांनी ते जरूर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण भाऊजींना विमान नको आहे, काम हवं आहे. स्वयंपाकाची आवड असलेल्या बाईला रोज डबा लावून दिला, तर तिचं पोट भरेल, पण सकाळ रिकामी राहील.

खर्चाचंही ऐकलं. पैसे त्यांचे आहेत, कर्ज काढलेलं नाही, आणि कुटुंबातल्या एका लग्नात दोन तासांच्या मंडपावर यापेक्षा जास्त गेले होते. तेव्हा कोणी हिशेब मागितला नव्हता.

धोक्याचं मात्र मी पुतण्याच्या बाजूने बोलते. घरात एकटं असताना इंजिन सुरू करायचं नाही, हे भाऊजींनी कबूल केलं आहे आणि ते पाळलंच पाहिजे. फिरत्या पंख्याला गंमत कळत नाही. पहिलं उड्डाण त्यांनी स्वतः करू नये, हात बसलेल्या माणसाकडून करवून घ्यावं. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतची हौशी विमानं वेगळी धरली आहेत. ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. शिवाय आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग पाडलेले आहेत आणि नाशिकजवळ विमानतळही आहे. तेव्हा जागा नकाशावर पाहून, जाणत्यांना विचारूनच ठरवावी. उद्या डोळ्यांनी साथ दिली नाही तर उडवणं सोडावं. बांधणं चष्मा लावूनही होतं.

राहिला पुण्यातल्या जागेचा प्रश्न. पंख दोन भागांत सुटतो, म्हणजे प्रत्येक तुकडा साडेचार फुटांच्या आतबाहेर. मुलांच्या खोलीतल्या कपाटावर तो सहज मावेल. सून विचारेल, धूळ कोण पुसणार? भाऊजी पुसतील, तेवढं मी त्यांच्या वतीने लिहून देते. आणि नातवाला शेजारी बसवून त्यांनी सोळा चोक चौसष्ट समजावलं, तर शिकवणीची फीही वाचेल.

असो. बाळा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. या रविवारी नाशिकला जाणार आहेसच, तर बाबांना घर विकण्याविषयी विचारण्याआधी ती वही मागून घे आणि एकदा नीट चाळ. मग आपण फोनवर बोलू. या वेळी मी मध्येच बोलणार नाही.